इंदूरच्या हॉटेलात लहान मुलाची झोप

इंदूरला लहान मुलासह येणाऱ्यांनी राजवाड्याजवळ खोली घेताना ती मागच्या बाजूची असावी, असे आवर्जून सांगावे, कारण दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार करणारा तिथला सराफा बाजार रात्री खाण्याच्या दुकानांनी उशिरापर्यंत गजबजलेला असतो. खोलीत शिरताच चहाची किटली आणि तिची लोंबती वायर उंचावर ठेवावी. दोन वर्षांच्या मुलाचा हात आधी तिथेच जातो. जास्तीची गादी मागवून ती पलंगाच्या आडोशाला जमिनीवर घालावी व तीवर घरची, रोजच्या वापरातली गोधडी अंथरावी, म्हणजे परक्या जागेतही मुलाला ओळखीचा वास मिळतो. न्हाणीघरातली बादली रिकामी करून दार लावून घ्यावे. सराफ्यात भुट्ट्याचा कीस, म्हणजे किसलेल्या मक्याचा पदार्थ, खायला आईवडिलांनी आळीपाळीने जावे, पण झोपलेल्या मुलाला उठवून नेऊ नये.