चाळिशीत वाचन पुन्हा धरायचं असेल तर

सगळ्यात आधी एक सांगते: पुस्तकं विकत घेऊ नका. निदान सुरुवातीचे काही महिने तरी. प्रदर्शनातून पिशवी भरून आणलेली पुस्तकं कपाटात छान दिसतात, पण ती कुणी परत मागत नाही, म्हणून वाचायची राहतात. लहानपणी आपण फडशा पाडायचो त्यात परतीच्या तारखेचा मोठा वाटा होता. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या वाड्यात वडील वाचनालयातून एक पुस्तक आणत. ते आधी आजीकडे, मग काकूकडे, मग आम्हा भावंडांत फिरे. माझी पाळी येईपर्यंत तारीख डोक्यावर आलेली असायची. मग जेवताना ताटाशेजारी, गहू निवडताना मांडीवर, जमेल तसं संपवायचं. पुढे डिप्लोमा, अंबडच्या कंपनीत माल तपासायची, क्वालिटीची नोकरी, लग्न. वाचायला उरले ते ड्रॉइंग आणि रिजेक्शनचे कागद.

तेव्हा कुठल्या तरी वाचनालयाचं सभासद व्हा. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, १८४० पासून आहे, पण घराजवळचं छोटं वाचनालयही चालेल. लांब असलं की जाणं टळतं. जाताना फोटो आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा, उगीच हेलपाटा नको. देवघेवीच्या काउंटरवर बसलेल्या माणसाशी ओळख वाढवा आणि ‘सध्या लोक काय नेतायत?’ असं विचारा. मला हे समीक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आणि हो, त्याआधी डोळे तपासा. हे कुणी सांगत नाही. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं धूसर दिसू लागतं. दोन पानांत कपाळ दुखतं, आणि आपण म्हणतो, ‘आता पूर्वीसारखं मन लागत नाही.’ मन ठीक असतं, नंबर लागलेला असतो. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पुस्तक हात लांब करून धरावं लागत असेल, तर आधी चष्मा करा.

पहिल्याच फेरीत जाडजूड कादंबरी उचलू नका, कितीही मोठा पुरस्कार मिळालेली असो. दिवाळी अंक आणा. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही सोय आपल्यासारख्यांसाठीच आहे: एक कथा एका बैठकीत संपते, नाही आवडली तर पुढची. दिवाळीत अंकांना मागणी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा तो अंक सहज मिळतो. कथेची सवय लागली की मग कादंबरी. तीही रंगली नाही तर सरळ परत करा. अर्धवट सोडायची लाज बाळगणारे लोक पुढचं पुस्तकच उघडत नाहीत, हे मी आमच्याच कँटीनमध्ये पाहिलंय.

वेळेचं म्हणाल तर रात्री झोपताना वाचणार असाल तर विसरा. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्याला पाठ टेकली की झोप लागते. मी शिफ्टच्या आधी वाचते, गेटजवळच्या टपरीवर चहा येईपर्यंत. सिटीलिंकच्या बसमध्येही जमतं, पण खड्ड्यांत बारीक टाइप वाचू नका. फोन डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली.

एकट्याने टिकत नसेल तर सोसायटीतली चार घरं जमवा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९ मध्ये आपल्या नाशिकमधूनच सुरू झाला. वाचकांच्या गटाला शंभर पुस्तकांची पेटी मिळते. पेटी कुणाच्या घरी ठेवायची यावरून मात्र आधीच ठरवून घ्या. माझं मत विचाराल तर जिच्या घरी दुपारी कुणी ना कुणी असतं तिच्याकडे. आणि वहीत नोंद ठेवायचं काम सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलाला द्या. ती पोरं वसुली कडक करतात.