कोर्ट मार्शलची केस उभी राहायच्या आधीच हरवणाऱ्या चुका, या टाळा

सातारा, सांगली, कोल्हापूरकडं मिल्ट्रीत कुणी नाही असं खानदान सापडणं अवघड, अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर फौजी नसलेलं घर शोधावं लागतं, पण तरीही पोराच्या पल्टणीतून "कोर्ट मार्शल लागलंय" असा फोन आला की घरच्यांची पाचावर धारण बसते आणि त्या गडबडीत ज्या गोष्टी पहिल्या आठवड्यात करायच्या असतात त्या राहून जातात. सगळे ट्रायलच्या तारखेची वाट बघत बसतात, वकील शोधतात, आमदाराचं पत्र आणतात. आणि ट्रायल काय, बऱ्याचदा अर्ध्या तासात उरकते. केस हरायची ती त्याच्या आधीच हरलेली असते, कागदावर, जवानाच्या स्वतःच्या सहीनं.

आधी एक समजून घ्या. जवान आणि एनसीओंच्या (नाईक, हवालदार) केसेस बहुतेक वेळा समरी कोर्ट मार्शलमध्ये चालतात, म्हणजे स्वतः सीओ साहेबच, युनिटचे कमांडिंग ऑफिसर, कोर्ट. शेजारी दोन ऑफिसर किंवा जेसीओ (सुभेदारासारखे) बसलेले असतात पण त्यांना मत नसतं. जनरल कोर्ट मार्शलला कमीत कमी पाच ऑफिसर लागतात, डिस्ट्रिक्टला तीन, तिथं डिफेंडिंग ऑफिसर मिळतो, स्वतःचा वकील उभा करता येतो. समरीमध्ये तसं काही नाही आणि तरीही सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, वर डिसमिसल, म्हणजे नोकरीतून बडतर्फी. त्यामुळं "समरी म्हणजे किरकोळ" हा गैरसमज पहिला डोक्यातून काढा.

सुट्टी संपली, परत गेला नाही, आणि आता घाबरून जातच नाही

सगळ्यात जास्त केसेस याच. वडील आजारी, बायकोचं बाळंतपण, जमिनीची भांडणं, कारण खरं असतं. चार दिवस उशीर होतो, मग भीती वाटते, मग भीतीपोटी चाळीस दिवस होतात. इथंच चूक. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये सुट्टीवरून उशिरा येणं हे कलम ३९, जास्तीत जास्त तीन वर्षं. पळून जाणं, म्हणजे डेझर्शन, ते कलम ३८, साधारण वेळी सात वर्षांपर्यंत आणि ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (युद्धाच्या किंवा मोहिमेच्या ड्युटीवर) असताना तर मृत्युदंडापर्यंत. दोन्हींत फरक फक्त मनातल्या हेतूचा आहे, परत यायचंच नव्हतं की यायचं होतं पण जमलं नाही. हा फरक सुप्रीम कोर्टानंही १९८६ च्या कॅप्टन वीरेंद्र कुमारच्या निकालात स्पष्ट केलाय. आता मनातलं कुणी बघायला जात नाही, कागद बघतात. तीस दिवस उलटले की कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी (खात्याची चौकशी) बसते, गैरहजेरीची नोंद होते, पोलीस पाटलाकडं नाहीतर ठाण्यात पत्र येतं. त्याआधी स्वतःहून हजर झालेला माणूस आणि पोलिसांनी उचलून आणलेला माणूस यांच्या केसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

म्हणून उशीर होतोय हे कळल्याच्या दिवशीच कंपनीला फोन करा, आणि नुसता फोन नको, त्याचा पुरावा ठेवा, स्पीड पोस्टची पावती, मेसेजचा स्क्रीनशॉट, काहीही. सुट्टी वाढवून मागितल्याचा अर्ज लेखी पाहिजे. स्वतः आजारी असाल तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला दाखवा, तिथं पोचता येत नसेल तर सरकारी दवाखान्यात.

सरकारी दवाखाना का म्हणतोय ते सांगतो, कारण कलम १४३ फार कमी लोकांना माहितीय. गैरहजेरीच्या ट्रायलमध्ये जवानानं कारण सांगितलं आणि त्याच्या पुष्टीला एखाद्या सरकारी अधिकाऱ्याचा हवाला दिला, तर कोर्टानं त्या अधिकाऱ्याला पत्र लिहायचंच आहे आणि उत्तर येईपर्यंत ट्रायल थांबवायचीय. उत्तर आलं की ते शपथेवर दिलेल्या साक्षीसारखं धरलं जातं. म्हणजे ग्रामीण रुग्णालयाच्या मेडिकल ऑफिसरनं वडिलांना अमुक तारखेला ॲडमिट केलं होतं, हे तुम्हाला साक्षीदार न नेता सिद्ध करता येतं. फक्त ते तुम्ही तोंडानं मागायला पाहिजे. गल्लीतल्या डॉक्टरकडून मागची तारीख टाकून सर्टिफिकेट आणणारे मात्र स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, ते खोटं निघालं की खरं कारणही खोटं ठरतं.

"विचारायचं काही नाही साहेब"

ट्रायलच्या आधी दोन टप्पे असतात. एक आर्मी रूल २२ ची हिअरिंग ऑफ चार्ज, सीओसमोर. दुसरा रूल २३ ची समरी ऑफ एव्हिडन्स, तिथं साक्षीदारांचे जबाब लिहून घेतात. दोन्हीकडं जवान समोर हजर पाहिजे आणि दोन्हीकडं त्याला साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क आहे. प्रत्यक्षात काय होतं, टोपी-बेल्ट काढून सावधानमध्ये उभा केलेला पोरगा, समोर त्याचाच सुभेदार साक्ष देतोय, "काही विचारायचंय?" म्हटल्यावर हा म्हणतो नाही साहेब. खाली टाइप होतं की आरोपीनं उलटतपासणी नाकारली. झालं. पुढं वकिलानं कितीही डोकं आपटलं तरी हे वाक्य पुसता येत नाही.

वाद घालायची गरज नाही, आवाज चढवायचा तर नाहीच. तीन-चार साधे प्रश्न आदल्या रात्री कागदावर लिहून न्या. तुम्ही तिथं होतात का, किती लांब होतात, उजेड होता का, माझा फोन आला होता का. एवढे जरी रेकॉर्डवर आले तरी पुष्कळ.

स्वतःच्या जबाबाबद्दल उलटं. समरी ऑफ एव्हिडन्समध्ये त्यांनी तुम्हाला आधी सांगायचं असतं की काही बोलायची सक्ती नाही, जे बोलाल ते लिहून घेतलं जाईल आणि पुराव्यात वापरता येईल. ही सूचना पाठ केल्यासारखी भराभर वाचतात म्हणून लक्ष जात नाही. सल्ला मिळालेला नसेल तर "मला आत्ता काही सांगायचं नाही" हे चालतं. आणि कुणी तयार जबाब सहीला पुढं केला तर वाचल्याशिवाय सही नको, इंग्रजी समजत नसेल तर समजत नाही म्हणा, दुभाषी मागा, यात कमीपणा कसला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी हे वेगळं प्रकरण, लोक तिची आणि समरी ऑफ एव्हिडन्सची गल्लत करतात. तिथं तुमच्या चारित्र्यावर किंवा मिल्ट्री रेप्युटेशनवर बोट येणार असेल तर रूल १८० खाली पूर्ण वेळ हजर राहायचा, प्रश्न विचारायचा, स्वतःचे साक्षीदार आणायचा हक्क आहे. बाहेर व्हरांड्यात बसवून ठेवलं तर तशी लेखी हरकत द्या. तिथला तुमचा जबाब रूल १८२ मुळं ट्रायलमध्ये तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून सरळ वापरता येत नाही, आणि रूल १८४ खाली जबाबांच्या प्रती मागता येतात. मागा, आपणहून कुणी देत नाही.

कबूल कर, साहेब सोडतील

या एका वाक्यानं जेवढ्या नोकऱ्या गेल्यात तेवढ्या खऱ्या गुन्ह्यांनी गेल्या नसतील असं माझं स्पष्ट मत आहे. सांगणारा वाईट नसतो, कुणीतरी उस्ताद असतो, सीनियर असतो, त्याला वाटतं गिल्टी म्हटलं की चौदा दिवस क्वार्टर गार्डमध्ये (युनिटच्या कोठडीत) काढून विषय संपेल. पण शिक्षा काय होणार हे त्याच्या हातात नसतं. गिल्टी प्लीड केलं की साक्षीदार येत नाहीत, उलटतपासणी नाही, सीओ फक्त समरी ऑफ एव्हिडन्स वाचतो आणि शिक्षा सुनावतो. समरी कोर्ट मार्शलच्या शिक्षेला वरून कन्फर्मेशन लागत नाही, बहुतेक वेळा लगेच अंमलात येते. आणि डिसमिसल झालं तर पेन्शन, ग्रॅच्युइटी साधारणपणे गेलीच, मग सर्व्हिस पंधरा वर्षांच्या वर का असेना. डिस्चार्ज (नोकरीतून नुसतं मोकळं करणं) आणि डिसमिसल हे घरचे एकच समजतात, दोन्हींत पोराबाळांच्या भाकरीचा फरक आहे.

कबुली नोंदवायच्या आधी रूल ११५ प्रमाणं सीओनं समजावून सांगायचं असतं की चार्ज काय आहे, कबुलीचा परिणाम काय, आणि समरी ऑफ एव्हिडन्सवरून गुन्हा दिसत नसेल तर कबुली मागं घ्यायचा सल्ला द्यायचा असतो. रूल ११६ त्याच्याही पुढं जातो. समजा जवान गिल्टी म्हणाला आणि शिक्षा कमी करा म्हणताना बोलला की वडील आयसीयूत होते म्हणून आलो नाही. आता कलम ३९ मध्ये गुन्हा कधी, तर पुरेसं कारण नसताना उशीर केला तर. हा तर कारण सांगतोय! कबुलीचा अर्थच त्याला कळलेला नाही असं यावरून दिसत असेल तर कोर्टानं ती खोडून नॉट गिल्टी लिहायचं आणि साक्षीदार बोलवायचे. प्रोसीडिंगच्या छापील फॉर्मवर "आरोपीला समजावले" एवढं एक वाक्य असतं आणि खाली आरोपीची सही पण नसते, अशा कबुल्या वरच्या कोर्टांनी पुष्कळदा रद्द केल्यात. पण त्याला वर्षं जातात हो. त्यापेक्षा तिथंच नॉट गिल्टी म्हणा, तो बंड नाही, हक्क आहे.

एकटं जाणं

समरीमध्ये वकील चालत नाही असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. रूल १२९ प्रमाणं आरोपीला मदतीला एक माणूस बरोबर ठेवता येतो, फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड, तो वकील असला तरी चालतो. तो कोर्टात स्वतः बोलू शकत नाही, साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही, पण तुमच्या कानात सांगू शकतो की हे विचार, ते विचार. युनिट आपल्यातला कुणीतरी नेमून देतं आणि तो भिंतीसारखा गप्प बसतो, म्हणून नाव तुम्ही सुचवा, तेही लेखी. चार्जशीट हातात पडल्यापासून ट्रायलपर्यंत कमीत कमी ९६ तास मिळाले पाहिजेत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर मात्र २४ च. बऱ्याच फील्ड एरियातली पोस्टिंग ॲक्टिव्ह सर्व्हिस धरली जाते हे लक्षात ठेवा.

आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध तोच सीओ कोर्ट म्हणून बसला तर? रणजित ठाकूर नावाच्या सिग्नलमनची केस बघा. त्यानं आपल्या सीओविरुद्ध वर तक्रार पाठवली, त्याबद्दल २८ दिवसांची कैद झाली. ती भोगत असताना जेवायचा हुकूम दिला, त्यानं खाल्लं नाही, म्हणून मे १९८५ मध्ये दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल, आणि कोर्टात तोच सीओ. एक वर्ष सक्तमजुरी आणि डिसमिसल. जेवण नाकारलं म्हणून! १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते सगळं रद्द केलं, कोर्टावर बसणाऱ्याबद्दल हरकत आहे का हे विचारलंच नाही, पक्षपात उघड दिसतो, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानानं भलतीच. आजही अशा केसेसमध्ये हा निकाल पुढं ठेवतात. तुमचं सीओशी आधीपासून वाकडं असेल तर सुरुवातीलाच हरकत घ्या, नंतर आठवून उपयोग नाही.

व्हिडिओ काढून व्हायरल करू नका. यावर जास्त लिहित नाही, मूळ चार्ज राहतो बाजूला आणि नवीनच लागतो.

चुकीच्या दारात जाणं

तालुक्याच्या कोर्टातला चांगला फौजदारी वकील जामिनाचा अर्ज घेऊन सेशन्सला जातो आणि महिना वाया जातो, कारण मिलिटरी कस्टडीचे नियम आर्मी ॲक्टमध्येच आहेत. ४८ तासांत चार्जची चौकशी सुरू झाली पाहिजे, नाहीतर का नाही झाली हे युनिटनं दाखवायचं. वकील आर्मी ॲक्ट जाणणारा बघा, एवढंच.

निकालानंतर आधी प्रोसीडिंगची कॉपी मागा, मग आर्मी ॲक्टच्या कलम १६४ खाली पिटीशन (शिक्षेविरुद्ध वर अर्ज), मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं न्यायाधिकरण. महाराष्ट्रातल्यांना मुंबई बेंच आहे. समरीची केस असेल तर डिसमिसल किंवा तीन महिन्यांच्या वर कैद झाली असेल तरच ट्रायब्युनल ऐकतं. सर्व्हिस मॅटरच्या अर्जाला शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि तुमच्या पिटीशनला सहा महिने उत्तरच आलं नाही तर ते नाकारलं असं धरून पुढं जाता येतं, त्यामुळं "साहेबांचं उत्तर येऊ दे" म्हणत चार वर्षं बसू नका. ट्रायब्युनलनंतर हायकोर्ट बंद असं अजून काही जण सांगतात, पण २०२३ च्या परशोत्तम दास निकालात सुप्रीम कोर्टानं हायकोर्टाचा दरवाजा उघडा असल्याचं सांगितलंय.

आणि पोरगा बीएसएफ किंवा सीआरपीएफमध्ये असेल तर वरचं निम्मं लागू नाही, त्यांचे कायदे वेगळे, ट्रायब्युनल त्यांच्यासाठी नाहीच, त्यांनी थेट हायकोर्टातला वकील गाठावा.