सोलरची लाइन प्लास्टरआधीच ठरवा

स्वतः उभं राहून घर बांधत असाल, तर सोलर वॉटर हीटरचा विचार गच्ची झाल्यावर करू नका. साध्या, विनापंपाच्या सोलरला गार पाण्याची टाकी त्याच्या टाकीपेक्षा उंच लागते; ओटा सुरुवातीलाच तेवढा बांधून घ्या. पॅनेलचं तोंड दक्षिणेला. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीसारख्या, गरम पाणी सोसणाऱ्या पाइपाचीच हवी, साधा पीव्हीसी पाइप तेवढ्या उष्णतेत मऊ पडतो. बाथरूम शक्यतो सोलरच्या जवळ काढा, नाहीतर रोज सकाळी पाइपातलं गार पाणी आधी ओतून द्यावं लागतं. उघड्या पाइपावर इन्सुलेशन चढवा. आणि कितीही घाई असली तरी टाइल्स लावण्याआधी प्लंबरकडून प्रेशर टेस्ट, म्हणजे पाइपात दाबाने पाणी भरून गळतीची तपासणी, करून घ्याच. भिंतीतला गळका सांधा नंतर शोधायचा म्हणजे नव्या टाइल्स फोडणं आलं.