शंभरापैकी ६५ चाच पेपर

जुलै २०२३ मध्ये सीए इंटरच्या, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंटच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेच्या, पहिल्या ग्रुपचा निकाल लागला तेव्हा मी पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. तिसरा अटेम्प्ट होता. अकाउंट्स ५४, लॉ ४३, कॉस्टिंग ३८, टॅक्स ४८. प्रत्येक पेपरात ४० हवेत आणि ग्रुपची बेरीज निम्मी हवी. तेव्हा ग्रुपला चार पेपर होते, म्हणजे २०० लागायचे. माझी बेरीज १८३. शिवाय कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशोबाचा पेपर, दोन मार्कांनी गेलेलं. आधीच्या अटेम्प्टला तेच तीन मार्कांनी गेलं होतं.

पहिल्यांदा नापास झाले तेव्हा रात्रभर रडले होते. दुसऱ्यांदा बाबांशी फोनवर बोलताना रडले. तिसऱ्यांदा रडूच आलं नाही. मोबाइल उशीखाली सरकवला, डबा खाल्ला, घासून ठेवला. तेव्हा वाटलं, चला, सवय झाली, आता आपण खंबीर झालो. खरं म्हणजे गडबड तिथेच होती.

पुढचे तीन आठवडे मी अभ्यासिकेत एकही दिवस खाडा केला नाही. नव्याने या वाटेला येणाऱ्यांना हे मुद्दाम सांगते, कारण हातपाय गाळलेला माणूस रिकामा बसलेला दिसेलच असं नाही. मी सकाळी आठला जाऊन बसायची. लॉच्या पुस्तकात आधीच पिवळ्या केलेल्या ओळी हिरव्या करायची. नोट्सचा तिसरा संच विकत घेतला. कॉस्टिंगचं पुस्तक मात्र पिशवीतून बाहेर यायचं नाही. कुणी विचारलंच तर वाक्य तयार असायचं : ‘मला कॉस्टिंग जमतच नाही.’ बारावीपासून गणितात बरी असलेली मुलगी हे म्हणत होती आणि तिला त्यात काही चुकीचंही वाटत नव्हतं.

या अवस्थेला मानसशास्त्रात नाव आहे, हे मला नंतर कळलं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज वाचताना ते क्रूरच वाटतात. काही कुत्र्यांना विजेचा झटका स्वतः बंद करता यायचा, काहींनी काहीही केलं तरी तो थांबायचा नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, की मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका. आधी ज्यांचं काहीच चाललं नव्हतं, त्यांतले बरेच जण तिथेच पडून राहिले. उडी मारूनच पाहिली नाही. याला म्हणतात शिकलेली हतबलता.

पण मला जास्त भिडला तो पुढचा भाग. त्या कुत्र्यांना पुन्हा उडी मारायला लावायला काय करावं लागलं? समजावणं, शाबासकी, पलीकडे खाऊ ठेवणं यांनी काम होईना. त्यांना पट्ट्याला धरून पलीकडे ओढत न्यावं लागलं, तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग कधीतरी ते आपले आपण जायला लागले. २०१६ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी, याच दोघांनी लिहिलं की आपला मूळ सिद्धांत उलटा होता. दीर्घकाळ त्रास झाला की मेंदू मुळातच थंड पडतो, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्याने काहीतरी बदलतं.

मला ओढत नेलं ते आमच्या खोलीतल्या, सीए फायनलचा अभ्यास करणाऱ्या ताईने. ती एका संध्याकाळी आर्टिकलशिपहून, म्हणजे सीएकडच्या उमेदवारीहून, दमून आली आणि पिशवी टाकता टाकता म्हणाली, ‘सर्टिफाइड कॉपी मागवलीस का गं?’

‘काय उपयोग? रीव्हॅल्युएशन तर होत नाही.’

‘मार्क वाढवायला कोण सांगतंय? बघायला मागव.’

माझं म्हणणं चूक नव्हतं. परीक्षा घेणारी सीए इन्स्टिट्यूट पेपर पुन्हा तपासत नाही, व्हेरिफिकेशनमध्ये फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर एवढंच बघतात. पण निकालापासून ३० दिवसांत अर्ज केला तर आपलीच उत्तरपत्रिका स्कॅन करून मिळते. त्या ३० मधले माझे पाच-सहाच दिवस उरले होते. मी ‘उद्या बघू’ म्हटलं. तिने माझा लॅपटॉप ओढला, लॉगिन करायला लावलं आणि पैसेही तिनेच भरले. ‘पहिल्या पगारात दे,’ म्हणाली.

कॉपी आली तरी मी दोन दिवस उघडली नाही. स्वतःचं नापास झालेलं अक्षर बघायला जीव धजत नाही. उघडली ती अर्धवट डोळे मिटून.

पहिलीच चार पानं प्रोसेस कॉस्टिंगची, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणाऱ्या उत्पादनाच्या खर्चाची. इक्विव्हॅलंट युनिट्सचा (अर्धवट माल पूर्ण मालात मोजायचा) तक्ता व्यवस्थित, बरोबरच्या खुणा. मग प्रोसेस अकाउंट, त्याचा ताळा लागला नाही म्हणून खोडलेलं. खाली पुन्हा तेच अकाउंट, पुन्हा खोडलेलं. पान उलटून तिसऱ्यांदा. परीक्षेतली ती वेळ मला लख्ख आठवली. घाम, पंख्याचा आवाज आणि ‘हे आलंच पाहिजे’चा हट्ट. दहा मार्कांच्या त्या प्रश्नावर मी पाऊण तास घालवला असेल. त्यापुढचं अक्षर हळूहळू तिरपं होत गेलेलं, वर्किंग नोट्स (आकडा कसा काढला ते दाखवणाऱ्या टिपा) गायब, आणि मग कोरी पानं.

मी वहीच्या मागच्या पानावर रकाने पाडले : प्रश्न, मार्क, लिहिला का, मिळाले किती, वेळ अंदाजे. बेरीज केली तेव्हा कळलं, मी शंभरापैकी ६५ मार्कांचाच पेपर लिहिला होता. त्यात ३८ मिळाले होते. म्हणजे जेवढं लिहिलं त्यात साधारण ५८ टक्के. जिला कॉस्टिंग जमतच नाही तिला इतके कसे पडतील?

त्या रात्री बाबांना फोन केला. ते बार्शीत आडत दुकानात दिवाणजी आहेत. इन्स्टिट्यूट, ग्रुप, अटेम्प्ट यांतलं त्यांना फार कळत नाही, पण हिशोब कळतो. सगळं ऐकून म्हणाले, ‘बाळा, ताळा लागेना की नवीन माणूस वर्षाची खतावणी घेऊन बसतो. फरक असतो एका दिवसाच्या रोजमेळात.’ आणि मग जेवलीस का विचारलं.

मी वर्षभर खतावणीच धरून बसले होते. ‘मी नापास’, ‘मी ढ’, ‘आपल्या घरात कुणी एवढं शिकलंच नाही, मला कसं झेपणार’. सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे १९७८ मध्ये मांडलं, की अपयशाचं कारण आपण स्वतःला कसं सांगतो त्यावर बरंच ठरतं. कारण कायमचं आहे, सगळीकडे लागू आहे आणि दोष माझ्यातच आहे, अशा तिन्ही गाठी एकदम बसल्या की माणूस हलत नाही. ‘मला जमतच नाही’ या तीन शब्दांत तिन्ही बसल्यात. त्याऐवजी माझ्या वहीत आता लिहिलेलं होतं : ‘ताळा न लागलेल्या अकाउंटवर २७ मिनिटं जास्त घालवली.’ हेही अपयशच, पण याला हात घालता येतो. १८० मिनिटं, १०० मार्क. मार्काला १.८ मिनिटं, दहा मार्कांना १८.

मोटिव्हेशनचे व्हिडिओ मी त्या वर्षात पोटभर पाहिले होते. ‘विश्वास ठेवा, तुम्ही करू शकता.’ कशाच्या जोरावर ठेवायचा? माझ्याकडे तीन निकालांचा पुरावा उलट बाजूचा होता. विचार बदलायला मला आधी दुसरा पुरावा हातात लागला, आणि तो त्या कोऱ्या पानांत होता.

मग रोज दुपारी एक प्रश्न, मोबाइलवर १८ मिनिटं लावून. घंटी वाजली की पेन खाली, ताळा लागो न लागो. पहिले आठ-दहा दिवस हे अंगावर यायचं. अर्धवट अकाउंट सोडून पुढे जाणं हा माझ्या घरच्या संस्काराचाच अपमान होता जणू. पण वहीत रोज एक आकडा पडत होता आणि तो माझ्या करण्याने हलत होता. सप्टेंबरच्या मध्यावर मला लक्षात आलं की कॉस्टिंगचं पुस्तक कित्येक दिवस टेबलावरच आहे.

आता इंटरला येणाऱ्यांसाठी थोडं. मे २०२४ पासून नवी स्कीम आहे. दोन ग्रुप, प्रत्येकी तीन पेपर, प्रत्येक पेपरात ३० मार्कांचे एमसीक्यू, म्हणजे पर्याय निवडायचे प्रश्न. ४० आणि ५० टक्क्यांचा नियम तोच, म्हणजे ग्रुपला १५० लागतात. अटेम्प्ट वर्षातून तीन. ऐकायला बरं वाटतं, पण दोन निकालांमधला वेळ कमी झालाय, त्यामुळे रडायला मिळणारे दिवसही कमी झालेत. निकालाच्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका, कोर्स सोडायचाही नाही आणि ‘आता रोज १४ तास’ हाही नाही. आठवडाभरात मात्र कॉपीचा अर्ज टाका, स्वतःला जमत नसेल तर शेजारच्याला टाकायला सांगा. यात कमीपणा नाही, माझाही दुसऱ्यानेच टाकला. ग्रुप राहिला पण एखाद्या पेपरात ६० पडले असतील तर एक्झेम्प्शन मिळतं, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, आणि ते पुढच्या तीन अटेम्प्टपुरतं चालतं. निराशेच्या भरात लोक ते वापरायचंही विसरतात, असा एक मुलगा आमच्याच अभ्यासिकेत होता.

आणि कधी कधी वहीत खरंच तुमच्या हातात नसलेली ओळ निघेल. घरून पैसे यायचे बंद झाले, आजारपण आलं, पेपरच अवघड होता. त्या ओळीपुढे मी ‘बाहेरचं’ लिहून रेघ मारायची. सगळं मनावर असतं असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. झोप उडाली, जेवण जाईना, जगावंसंच वाटेना असे दिवस जात असतील तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

नोव्हेंबर २०२३ चा अटेम्प्ट जुन्या स्कीमचा इंटरसाठी शेवटचा होता. निकाल जानेवारीत लागला : अकाउंट्स ६१, लॉ ४७, कॉस्टिंग ५२, टॅक्स ४९. बेरीज २०९. काठावरच म्हणा. दुसरा ग्रुप त्यानंतर, नव्या स्कीममध्ये. ताईचे पैसे अजून दिलेले नाहीत, ती घेतच नाही.

पण मला आठवतो तो निकाल नाही, कॉस्टिंगचा पेपर. दोनला सुरू होण्याआधीच्या वाचायच्या पंधरा मिनिटांत मी प्रश्नांचा क्रम ठरवून टाकला. प्रोसेसचा प्रश्न पुन्हा होताच. बाकावर घड्याळ काढून ठेवलं होतं. अठरा मिनिटं झाली आणि अकाउंटच्या दोन्ही बाजूंत ४०० चा फरक. हात खोडायला गेला, पेन टेकलंसुद्धा. मग खाली अर्धं पान सोडलं आणि पुढच्या प्रश्नाचा नंबर टाकला. तो टाकताना अक्षर थरथरलं.

पाच वाजायला सहा मिनिटं असताना परत त्या पानावर आले. नॉर्मल लॉसचं स्क्रॅप, म्हणजे नेहमीच्या घटीतल्या भंगाराची किंमत, वजा करायचं राहिलं होतं. आकडा दुरुस्त केला, बाकी काढली आणि वर्किंग नोट ३ असं लिहीत होते तेवढ्यात बेल झाली.