सुगंधी पिकांची कापणी : तेलाचे वजन आणि तेलाची घडण

पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडू लागले की सुगंधी पिकांच्या कापणीची लगबग सुरू होते, आणि त्या लगबगीत बहुतेक उत्पादकांचे लक्ष एकाच आकड्यावर खिळलेले असते : १०० किलो पाल्यामागे तेल किती पडले. हा आकडा महत्त्वाचा आहेच, परंतु जाणकार खरेदीदार तेलाचा भाव त्यातील मुख्य घटकाच्या प्रमाणावर ठरवतो. समजा, एका शेतातील पीक आज कापले असता ५० किलो तेल आले आणि त्यात मुख्य घटक ८० टक्के भरला. तेच पीक उशिरा कापल्यावर ५४ किलो तेल आले, पण घटक ७० टक्क्यांवर उतरला. पहिल्या कापणीत हाती आलेला घटक ४० किलो होतो आणि दुसरीत ३७.८ किलो. तेल ४ किलोंनी वाढले, पण ज्याचे पैसे मिळायचे ते २.२ किलोंनी घटले, शिवाय तेलाची कमी प्रत पदरी आली ती वेगळीच. म्हणून या हंगामात कापणीचा दिवस ठरवताना तेलाचे वजन आणि घडण, म्हणजे त्यातील घटकांचे प्रमाण, या दोन्हींचा हिशेब एकत्र मांडावा.

सुगंधी तेल हा एकच पदार्थ नसून अनेक, कधी कधी शंभराहून अधिक, संयुगांचे मिश्रण असते. त्यातील बरीचशी संयुगे टर्पीन कुळातील असतात : १० कार्बन अणूंची हलकी मोनोटर्पिने आणि १५ कार्बन अणूंची जड सेस्क्विटर्पिने. युजेनॉल किंवा मिथाइल चॅविकॉल यांसारखी संयुगे वेगळ्या मार्गाने तयार होतात. वनस्पती ही संयुगे एकदाच घडवून साठवून ठेवत नाही. पानाच्या वयाबरोबर एका संयुगाचे दुसऱ्यात रूपांतर होत राहते, आणि आपण विळा चालवतो त्या क्षणी हे रूपांतर ज्या टप्प्यावर असेल तोच टप्पा पुढे बाटलीत उतरतो.

पुदिन्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. कोवळ्या पानात मेंथोन अधिक असते आणि पान जून होत जाते तसे त्याचे मेंथॉलमध्ये रूपांतर होते. म्हणून एकाच फांदीवरच्या शेंड्याच्या आणि खालच्या पानांचे तेल सारखे नसते. खात्री करायची असल्यास शेंड्याचे एक पान आणि बुंध्याकडचे एक पान वेगवेगळ्या बोटांवर चोळून हुंगून पाहावे. पहिल्याचा वास काहीसा हिरवा आणि उग्र लागतो, दुसऱ्याचा गार आणि स्वच्छ. जपानी पुदिन्याच्या चांगल्या तेलात मेंथॉल साधारणपणे ७० ते ८५ टक्के असते, आणि लवकर कापलेल्या पिकात ते या मर्यादेच्या खाली राहते. मात्र, मेंथॉल वाढावे म्हणून कापणी लांबवत नेणेही तोट्याचे आहे, कारण खालची पाने पिवळी पडून गळू लागतात आणि ज्या पानांत मेंथॉल सर्वाधिक तीच मातीत जातात. फुलकळ्या दिसू लागल्यापासून फुले उमलू लागेपर्यंतचा काळ हा या दोन टोकांमधला योग्य काळ होय. विलायती पुदिन्याच्या, म्हणजे पेपरमिंटच्या, बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याच्या फुलांत मेंथोफ्युरान भरपूर असते आणि ते वाढले की तेलाचा वास बिघडतो. त्यामुळे हे पीक पूर्ण फुलोऱ्यावर जाऊ देणे टाळावे.

रोशा गवताचा, म्हणजे पामरोसाचा, नियम नेमका उलट आहे. या गवताच्या कोवळ्या तुऱ्यांमध्ये जिरॅनिल ॲसिटेट अधिक असते आणि तुरा पक्व होत जातो तसे त्याचे प्रमाण घटून मोकळे जिरॅनिऑल वाढते. या तेलाची किंमत जिरॅनिऑलवर ठरते आणि चांगल्या तेलात ते ७५ ते ९० टक्के असते. म्हणून तुरे नुकतेच बाहेर पडले असताना कापणीची घाई करू नये. पूर्ण फुलोऱ्यापासून दाणे भरू लागेपर्यंत थांबावे. शेजारच्याने पुदिना कापला म्हणून आपण रोशा गवत कापायला घेणे, हा प्रकार दरवर्षी कुठे ना कुठे पाहायला मिळतो.

गवती चहात फुलोऱ्याची वाट पाहायची नसते. त्यातील सिट्रल हे जिरॅनिअल आणि निरल या दोन जुळ्या संयुगांचे मिश्रण असून चांगल्या तेलात ते ७० टक्क्यांहून अधिक असते. पाने अति जून होऊन टोकांकडून वाळू लागली की तेलाचा उतारा घसरतो. तेवढे सांभाळले की पुरे. वाळ्याची गोष्ट पूर्ण निराळी आहे. त्याचे तेल मुळांत असते, खुसिमॉल आणि व्हेटिव्होन यांसारखी जड संयुगे मुळे पक्व झाल्यावरच पुरेशी साठतात, आणि म्हणून साधारण १५ ते १८ महिन्यांच्या आत, जमीन कोरडी होण्यापूर्वी, खोदाईस हात घालू नये.

कापणीचा दिवस कितीही अचूक साधला तरी लागवडीचे बेणे चुकीचे असेल तर उपयोग होत नाही. रोशा गवताचे मोतिया आणि सोफिया हे दोन प्रकार शेतात ओळखू येणार नाहीत इतके सारखे दिसतात, परंतु भरपूर जिरॅनिऑल असते ते मोतियात. सोफियाचे तेल वेगळ्याच घटकांचे आणि कमी प्रतीचे असते. तुळशीच्या कुळात तर एकाच दिसण्याच्या झाडांपैकी एकात लिनालूल, दुसऱ्यात मिथाइल चॅविकॉल आणि तिसऱ्यात युजेनॉल मुख्य असू शकते. ही पिके परपरागीभवनाने सहज संकरित होतात, त्यामुळे दोन प्रकार शेजारी लावून घरचे बी धरल्यास दोन-तीन पिढ्यांत तेलाची घडण सरमिसळ होते. पुदिना भूस्ताऱ्यांपासून लावला जात असल्याने त्यात हा धोका नाही. तिथे फक्त शेतात शिरलेली परकी रोपे वेळीच उपटावीत.

पाण्याचे आणि हवेचे थोडक्यात सांगायचे तर, कापणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडावे, पाऊस किंवा दाट ढगाळ हवा होऊन गेली असल्यास दोन-तीन दिवस चांगले ऊन मिळू द्यावे आणि पानांवरचे दव उडाल्याखेरीज विळा लावू नये. नत्राने पाला वाढतो. शेवटच्या टप्प्यात त्याचा जादा हप्ता देऊन तेलाची प्रत सुधारत नाही.

कापलेला पाला भट्टीपर्यंत, म्हणजे वाफेने तेल काढण्याच्या जागेपर्यंत, कसा पोहोचतो याकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. पुदिना आणि तुळस यांच्या तेलग्रंथी पानाच्या पृष्ठभागावर, अगदी नाजूक सालीखाली असतात. भारे आपटले, तुडवले किंवा घट्ट दाबून बांधले की त्या फुटतात आणि तेल हवेत उडून जाते. गवती चहाचे तेल पानाच्या आतील पेशींत असल्याने ते अशा हाताळणीला थोडे अधिक टिकते. पाला सावलीत पातळ पसरून काही तास सुकवल्यास त्यातील पाणी कमी होते, भट्टीत अधिक माल मावतो आणि इंधन वाचते. एका हंगामात भट्टी रिकामी नसल्याने आम्ही पुदिन्याचे भारे रात्रभर एकावर एक रचून ठेवले होते. सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत चक्क ऊब लागली, मधली पाने काळपट होऊन बोटांना चिकटत होती आणि वास आंबूस झाला होता. त्या घाण्याच्या, म्हणजे भट्टीच्या त्या खेपेच्या, तेलातला तो आंबूसपणा नंतर कोणत्याही गाळणीने गेला नाही. भट्टीला जागा नसेल तर पीक शेतात उभे ठेवावे. ढिगात ठेवू नये.

ऊर्ध्वपातनात, म्हणजे पाल्यातून वाफ सोडून तेल काढताना, एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी : सिट्रलचा उत्कलनबिंदू २२९ अंश सेल्सिअसच्या आसपास असूनही ते पाण्याच्या वाफेबरोबर १०० अंशांच्या किंचित खालीच बाहेर येते, त्यामुळे जाळ वाढवून तेल जास्त निघेल ही समजूत चुकीची आहे. जाळ वाढला की तळाचा पाला करपतो आणि करपट वास तेलात उतरतो. पाला थेट पाण्यात बुडवून उकळण्यापेक्षा जाळीवर ठेवून वाफ सोडलेली बरी, विशेषतः ज्यांच्या तेलात एस्टरे, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने बनलेली संयुगे, असतात त्यांच्यासाठी. लव्हेंडरमधील लिनालिल ॲसिटेट पाण्यात दीर्घकाळ उकळले गेले तर त्याचे विघटन होऊन लिनालूल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. उष्णतेने सगळेच बिघडते असेही नाही. कॅमोमाइलच्या फुलांत निळा रंग मुळीच नसतो. त्यातील मॅट्रिसिन वाफेत बदलून कॅमॅझुलीन होते आणि तेल गर्द निळे निघते.

घाणा केव्हा थांबवायचा हे पिकावर अवलंबून आहे. हलकी संयुगे साधारणपणे आधी येतात आणि जड मागाहून. गवती चहाचे किंवा पुदिन्याचे बहुतेक तेल दोन-तीन तासांत निघून येते, तर वाळ्याची सर्वांत मोलाची संयुगे शेवटी येत असल्याने त्याचा घाणा १६ ते २४ तास किंवा त्याहूनही अधिक चालवावा लागतो. इंधन वाचवण्यासाठी तो मध्येच बंद केला तर तेल कमी तर पडतेच, शिवाय पातळ आणि वासाला उथळ निघते. शीतकातून, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळीतून, येणारे पाणी हाताला कोमट लागावे. ते गरम येत असेल तर तेलाचा काही भाग वाफेबरोबर उडतो आणि काही पाण्यात विरघळून वाहून जातो.

विभाजकातून, म्हणजे तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातून, काढलेल्या तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब राहतात आणि तेल गढूळ दिसते. ते स्थिर होऊ द्यावे, खालचे पाणी काढावे आणि उरलेला ओलावा निर्जल सोडियम सल्फेटने टिपून घेऊन गाळावे. साठवणीसाठी ॲल्युमिनियमचे किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे आणि कमी प्रमाणासाठी गडद रंगाची काच वापरावी. साध्या लोखंडाशी युजेनॉल आणि थायमॉल यांची प्रक्रिया होऊन तेल काळवंडते, तर लिमोनीन असलेली तेले हलक्या प्लॅस्टिकला मऊ पाडतात. भांडे काठोकाठ भरावे. अर्धे रिकामे भांडे म्हणजे आत कोंडलेली हवा, आणि त्या हवेतील ऑक्सिजनने सिट्रल व लिमोनीन दोन्ही हळूहळू खराब होतात.

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावर मुख्य घटकाच्या टक्केवारीबरोबर घनता, अपवर्तनांक (तेलातून जाताना प्रकाश किती वाकतो) आणि प्रकाशीय घूर्णन (तेल प्रकाशाचे प्रतल किती वळवते) हे आकडेही पाहावेत. नैसर्गिक मेंथॉल प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळवते. कोणी डावे आणि उजवे अशी दोन्ही रूपे असलेले स्वस्त कृत्रिम मेंथॉल मिसळले असेल तर वायू वर्णलेखनाच्या (गॅस क्रोमॅटोग्राफीच्या) साध्या चाचणीत टक्केवारी उत्तम दिसते, पण घूर्णनाचा आकडा भेसळ उघडी पाडतो. प्रत्येक घाण्याचा नमुना स्वतंत्र बाटलीत ठेवून तिच्यावर शेताचा तुकडा, कापणीची तारीख आणि घाण्याचे तास लिहावेत, म्हणजे पुढच्या वर्षी कापणीचा दिवस अंदाजाने ठरवावा लागणार नाही. थंडीच्या दिवसांत पुदिन्याच्या तेलाचा नमुना काढताना पिंपाच्या तळाशी मेंथॉलचे सुईसारखे खडे जमले आहेत का ते आधी पाहावे. जमले असल्यास पिंप कोमट पाण्यात ठेवून खडे पूर्ण वितळू द्यावेत आणि तेल ढवळूनच नमुना घ्यावा, अन्यथा वरच्या पातळ भागाचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन चांगल्या तेलाचेही मेंथॉल कमी भरते.