देव आहे की नाही: वाद घालायची रीत

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर हा वाद अर्ध्या तासात भांडणावर येतो, कारण ‘देव’ म्हणजे काय हेच ठरलेलं नसतं. आधी ते एका वाक्यात लिहून घ्या: जगाचा कर्ता, की नवसाला पावणारा?

मग एकच युक्तिवाद धरा. न्यायदर्शनाचे (तर्कावर भर देणाऱ्या भारतीय दर्शनाचे) पंडित उदयनाचार्य यांचा घ्या: घडा हे कार्य, म्हणजे निर्माण झालेली गोष्ट, त्याला कुंभार लागतो; पृथ्वीही कार्यच, म्हणून तिलाही कर्ता हवा.

खोडताना ‘मग देवाला कोणी केलं?’ विचारू नका. वार फुकट जातो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, देवाला कार्य मानतच नाहीत. त्यापेक्षा मीमांसकांसारखं (वेद मानूनही जगाचा कर्ता न मानणारे) व्याप्तीवर, म्हणजे ‘जिथे कार्य तिथे कर्ता’ या नियमावर, बोट ठेवा: आजवर पाहिलेला प्रत्येक कुंभार देहधारी, मग हा बिनदेहाचा कसा?

‘देव असेल तर जगात दुःख का?’ हा मुद्दा दुसऱ्या दिवशी काढा. तो देवाच्या दयाळूपणावर घाव घालतो, कर्तेपणावर नाही.