संध्याकाळच्या क्लब शर्यतीत शिडाच्या बोटीवर पहिल्यांदा काम करताना

कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या मरीनामधून उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी शिडाच्या बोटींची क्लब शर्यत निघते. ही शर्यत हौसेची असल्यामुळे अनेक बोटींना ऐनवेळी एखादा माणूस कमी पडतो, आणि लवकर पोहोचून ‘नवखा आहे, पण सांगाल ते काम करीन’ असे स्पष्ट सांगणाऱ्याला बहुधा जागा मिळते. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात, मराठी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना हा उपसागर केवळ पुलावरून पाहायचा नसेल, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. स्वतःची बोट असण्याची गरज नाही. पोहता मात्र यायला हवे.

कपड्यांचा विचार आधी करावा, कारण इथला उन्हाळा फसवा असतो. राज्याच्या आतल्या भागातील विस्तीर्ण खोरे दिवसभर तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटच्या अरुंद वाटेने आत घुसते. बर्कली त्या वाटेच्या थेट समोर आहे, त्यामुळे दुपारनंतर तिथे 15 ते 20 नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 28 ते 37 किलोमीटरचा, वारा असणे ही नेहमीची गोष्ट आहे. ओहोटीचे पाणी या वाऱ्याच्या विरुद्ध बाहेर जाऊ लागले की लाटा आखूड आणि उभ्या होतात व बोटीवरचे सगळे भिजतात. सुती कपडे भिजले की अंगाला गार चिकटून राहतात, म्हणून आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, वर पाणी न शिरणारे जॅकेट आणि पायात मऊ रबरी तळाचे, डेकवर डाग न पाडणारे बूट घालावेत. लाइफ जॅकेट धक्क्यावरच बांधावे. पाणी उन्हाळ्यातही 12 ते 16 अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि इतक्या गार पाण्यात अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबा राहत नाही. चांगल्या पोहणाऱ्यालाही हे लागू आहे.

बोटीवर चढल्यावर स्किपरला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, एकच प्रश्न विचारावा: माझे काम कोणते? नवख्याने सगळी बोट एका संध्याकाळी समजून घेण्याचा प्रयत्न करू नये. बहुतेक वेळा त्याच्याकडे जिबची शीट, म्हणजे पुढच्या शिडाचा ताण सांभाळणारी दोरी, दिली जाते. धक्का सुटण्यापूर्वी ती दोरी कुठून कुठे जाते हे बोटाने माग काढत पाहावे आणि विंचवर, म्हणजे दोरी ताणण्याच्या चरखीवर, वेढे घालून पाहावेत. वेढे नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालायचे असतात. दोरी सैल असताना दोन वेढे पुरतात. ताण वाढला की तिसरा आणि चौथा घालावा. ताणलेल्या दोरीजवळ बोटे कधीही नेऊ नयेत. ती सैल करायची असेल तर वेढ्यांवर तळवा सपाट दाबून थोडी थोडी सोडावी.

क्लब शर्यतीत नवखा माणूस बोटीला सर्वांत जास्त मदत करू शकतो ती टॅक घेताना, म्हणजे बोटीचे पुढचे टोक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, म्हणून हे काम नीट शिकावे. स्किपरने तयारीचा इशारा दिल्यावर आपली दोरी खरोखर मोकळी आहे हे पाहूनच ‘तयार’ म्हणावे. नसेल तर ‘थांबा’ म्हणण्यात संकोच करू नये. बोट वळू लागताच दोरी सोडण्याचा मोह होतो, पण तोवर जिब काम करीत असते. तिची पुढची कड फडफडू लागली की मगच वेढे वरच्या बाजूने झटकन काढून दोरी पूर्ण मोकळी करावी. पलीकडच्या माणसाने त्याच क्षणी नवी दोरी हातांनी भराभर ओढायची असते. शिडात वारा भरण्यापूर्वी जेवढी दोरी हाताने येईल तेवढी फुकटात येते. नंतरचा प्रत्येक वीतभर विंचच्या दांड्याने, घाम गाळून मिळवावा लागतो. काम होताच वाऱ्याकडच्या, उंच झालेल्या बाजूला जाऊन बसावे, कारण तिथे आपले वजन बोटीला सरळ ठेवते. मंद वाऱ्यात याच्या उलट खालच्या बाजूला, आणि हालचाल न करता बसायला सांगितले जाते.

सुरुवातीची पाच मिनिटे सर्वांत गर्दीची असतात. सर्वसाधारण पद्धतीनुसार पाच, चार आणि एक मिनिट उरल्यावर इशारे होतात व नंतर सुरुवातीचा. या वेळी गप्पा पूर्ण बंद ठेवाव्यात. स्किपरला जिबमागचे दिसत नाही, म्हणून खालच्या बाजूने कोणी येत असल्यास ते त्याला सांगणे मोलाचे असते: ‘स्टारबोर्ड टॅकवरची बोट, तीन लांबींवर’, म्हणजे उजवीकडून वारा घेणारी बोट, तीन बोटींच्या लांबीइतक्या अंतरावर. डावीकडून वारा घेणाऱ्या बोटीने उजवीकडून वारा घेणाऱ्या बोटीला वाट द्यायची, हा एक नियम माहीत असला तरी सुरुवातीला चालते.

वारा पाठीमागे घेऊन परतताना बूमकडे, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याकडे, लक्ष हवे. जाईब करताना, म्हणजे वारा पाठीमागून असताना बोट वळवून शीड दुसऱ्या बाजूला नेताना, ती एका बाजूहून दुसरीकडे डोके फोडील अशा वेगाने येऊ शकते. इशारा ऐकताच खाली वाकावे आणि ती पार होईपर्यंत वाकलेलेच राहावे.

लहानमोठ्या बोटी एकत्र धावत असल्याने अशा शर्यतींत निकाल बहुधा हँडिकॅपने, प्रत्येक सागरी मैलामागे काही सेकंदांची सवलत धरून, लावतात. सवलतीत मैलाला सहा सेकंदांचा फरक असेल, तर पाच मैलांत तो अर्ध्या मिनिटाचा होतो, आणि एका बिघडलेल्या टॅकमध्ये तेवढा वेळ सहज जातो.

परतल्यावर शिडे घडी घालणे, दोऱ्या गुंडाळणे आणि डेक धुणे हेही शर्यतीतलेच काम समजून शेवटपर्यंत थांबावे. त्यानंतर स्किपरला आपल्या टॅकमधला वेळ कुठे गेला ते विचारावे आणि पुढच्या शुक्रवारी येणार की नाही हे नक्की सांगावे. तुमच्या एका जागेवर त्याची इतर माणसांची वाटणी अवलंबून असते.